पितळेची मान : .१७ आणि .२२ वाइल्डकॅटची कवचे घडवताना

पितळी_नाद (प्वेब्लो, कोलोरॅडो)

गॅरेजमधल्या टेबलावर आत्ता शंभर पितळी कवचे उभी आहेत. प्रत्येक साधारण दीड इंच उंच. गेल्या महिन्यापर्यंत ती .२२१ फायरबॉल या काडतुसाची कवचे होती. आता त्यांची मान, म्हणजे गोळी धरणारे वरचे तोंड, आवळून मी त्यांतून .१७ मॅक फोर हे काडतूस घडवतो आहे. (.१७, .२२ हे आकडे म्हणजे गोळीचा इंचांतला अंदाजे व्यास.) मराठीत या विषयावर काहीच लिहिलेले दिसत नाही, म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी अमेरिकेत राहतो, इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरणे कायदेशीर आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. तिथे कोणी हे करून पाहू नका. आणि दारू किती ग्रेन भरायची हा आकडा मी इथे देणार नाही, विचारू नका. तो आकडा दारू बनवणाऱ्याच्या छापील पुस्तकातूनच घ्यायचा असतो. माझ्या रायफलीला जे चालते ते दुसऱ्याच्या रायफलीत बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बंद होणारा दांडा, जाम करू शकते.

वाइल्डकॅट म्हणजे जे काडतूस कुठलाही कारखाना तयार विकत नाही ते. कोणीतरी कारखान्याचे कवच घेतो, त्याची मान बारीक किंवा रुंद करतो, खांदा (अंग जिथे मानेकडे निमुळते होते तो भाग) मागे ढकलतो किंवा उभा करतो, आणि त्या मापाचे चेंबर, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते ती पोकळी, बंदूकसाजाकडून कापून घेतो. आज दुकानात मिळणारी कित्येक काडतुसे अशीच कुणाच्या तरी वर्कशॉपात जन्मली. .२२ हॉर्नेटचेच पाहा. १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारातल्या काही हौशी अधिकाऱ्यांनी आणि कारागिरांनी जुन्या .२२ विंचेस्टर सेंटरफायरवर प्रयोग करून ते घडवले. १९३० मध्ये विंचेस्टरने काडतूस बाजारात आणले तेव्हा त्यासाठी कुठल्याही कारखान्याची रायफल नव्हती! .२२-२५० ची गोष्ट बरोबर उलटी. १९१५ च्या .२५०-३००० सॅव्हेजची मान .२२ पर्यंत आवळून ते झाले, आणि कित्येक वर्षे लोक घरीच कवचे घडवत राहिले. १९६३ मध्ये ब्राउनिंगने त्यासाठी रायफल विकायला काढली तेव्हा बाजारात तयार काडतूसच नव्हते. रेमिंग्टनने ते १९६५ मध्ये आपलेसे केले.

माझ्यासाठी हा नाद शेजारच्या आजोबांपासून सुरू झाला. वय ८४. आयुष्यभर इथल्या पोलाद कारखान्यात लेथवर होते. त्याआधी तरुणपणी इथून दक्षिणेला असलेल्या ट्रिनिडाड गावी बंदूकसाजाचे काम शिकले. त्या गावच्या कॉलेजात वाइल्डकॅटसाठी नावाजलेले बंदूकसाज पार्कर ओटो अ‍ॅकली शिकवत असत, त्यांनी गाव सोडल्यावर काही वर्षांनी आजोबा तिथे गेले. मी टूल डिझाइन करणारा, त्यामुळे ओळख मायक्रोमीटरवरूनच झाली. त्यांनी माझ्या हातात पहिले दिले ते के-हॉर्नेट.

के-हॉर्नेटपासून सुरुवात करणे शहाणपणाचे, कारण त्यात जवळजवळ काहीच करावे लागत नाही. मूळ हॉर्नेटचा खांदा नावापुरताच, साडेपाच अंशांच्या आसपास. शिवाय अंग बुडापासून निमुळते. न्यूयॉर्क राज्यातल्या लाइल किलबर्न यांनी १९४० मध्ये त्या चेंबरला सरळ अंग आणि उभा खांदा दिला. अशा चेंबरात कारखान्याचे साधे हॉर्नेट काडतूस घालून झाडले की आतल्या दाबाने पितळ फुगते आणि चेंबरचा आकार घेते. याला फायरफॉर्मिंग म्हणतात. हॉर्नेटच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि काडतूस त्या कडेवर टेकते. खांदा कुठेही असला तरी काडतूस पुढे सरकत नाही. म्हणून हे सुरक्षित.

.१७ मॅक फोरला कड नाही. ते खांद्यावर टेकते. इथून खरी परीक्षा सुरू होते.

मॅक फोर १९६० च्या दशकात लास व्हेगासच्या व्हर्न ओ'ब्रायन यांनी केले. नाव फसवे आहे. वेग सेकंदाला चार हजार फुटांच्या आसपास, ध्वनीच्या चौपट नव्हे. गोळीचा व्यास .१७२ इंच, म्हणजे ४.३७ मिलिमीटर. .२२१ फायरबॉलच्या मानेत .२२४ ची गोळी बसते. म्हणजे मान अर्ध्या दशांश इंचाहून जास्त आवळायची. एकदम आवळली तर मान सुरकुतते किंवा खांदा खाली बसतो. म्हणून मी आधी .२० च्या डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या पोलादी साच्यातून काढतो, मग .१७ च्या. कवचाच्या अंगाला लॅनोलिनचे वंगण, पण बोटाच्या टोकावर जेवढे राहील तेवढेच. खांद्यावर वंगण साचले तर ते दाबले जाण्यासाठी जागाच नसते आणि पितळेवर खळगा उठतो. मानेच्या आत चिमूटभर ग्रॅफाइट.

आता मुद्द्याचे. पितळ कुठे नाहीसे होत नाही. मान बारीक केली की ते पितळ थोडे लांबीत जाते आणि थोडे जाडीत. लांबी दिसते, कापता येते. जाडी दिसत नाही. आणि माणूस जे दिसत नाही ते मोजत नाही.

माझ्या चेंबरची मान .२०१ इंच आहे. मानेची भिंत .०१२५ असेल तर गोळीसकट मान .१९७ होते. इंचाचे चार हजारांश मोकळे राहतात, काडतूस झडताना मान फुलून गोळी सोडते. पहिल्या वर्षी माझ्याकडे फायरबॉलची कवचे कमी पडली, म्हणून मी काही .२२३ च्या कवचांपासून केली. दोघांचे बूड सारखेच असते, .२२३ फक्त लांब. खांदा मागे ढकलला, वरचे कापले. पण अशा कवचात नवी मान ही जुन्या अंगाच्या जाड पितळेतून होते. ती दहा-बारा कवचे मी न मोजता बाकीच्यांत मिसळली. रेंजवर एका काडतुसावर बोल्ट जड लागला. मी तळव्याने दाबणार, तेवढ्यात आजोबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "काढ ते बाहेर." घरी येऊन मोजले. भिंत .०१५, मान .२०२. चेंबरपेक्षा एक हजारांश मोठी. दाबून बंद केले असते तर मानेला फुलायला जागाच नव्हती, गोळी चिमटीत अडकली असती आणि दाब कुठे गेला असता कोण जाणे.

त्या दिवसापासून प्रत्येक मान मोजतो. शंभरच्या शंभर. हेच सांगण्यासाठी धागा काढला. दारू, गोळी, वेग याबद्दल सगळे बोलतात. मानेच्या भिंतीबद्दल कोणी बोलत नाही.

---

आकडेमोड (नाशिक)

लेख आवडला. एक शंका. ग्रेन म्हणजे नेमके किती? ग्रॅममध्ये सांगाल का? आणि काडतुसाच्या बाबतीत गोळी, कवच हे शब्द तुम्ही वेगळे वापरता, मी आजवर सगळ्यालाच गोळी म्हणत होतो.

---

पितळी_नाद

एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. पण तुमच्या आजीच्या मापात सांगितले तर जास्त जवळचे वाटेल. ब्रिटिशांनी ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे माझी २० ग्रेनची .१७ ची गोळी तोळ्याचा नववा भाग, पावणेअकरा गुंजांच्या आत. सोनाराच्या तराजूवरचे काम आहे हे, आणि तेवढ्याच निगुतीने करावे लागते. हॉर्नेटसारख्या कवचात बारा-तेरा ग्रेन दारू मावते असे धरा. अर्धा ग्रेन चुकला की चार टक्के चुकले. मोठ्या रायफलीत तोच अर्धा ग्रेन एक टक्काही नसतो. लहान कॅलिबर म्हणजे सोपे असे लोकांना वाटते, पण चूक सोसण्याची ताकद त्यातच सर्वांत कमी.

काडतूस म्हणजे चार गोष्टी : पितळी कवच, बुडातली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि मानेत धरलेली गोळी. उडून जाते ती गोळी. कवच मागे राहते, म्हणून तर ते पुन्हा भरता येते.

---

कासारवाडा (कसबा पेठ, पुणे)

दादा, तुमचा धागा वडिलांना वाचून दाखवला. आमचे घर तांबट आळीतले. आजोबा आणि वडील दोघेही मठारकामात, म्हणजे भांडी ठोकून घडवण्यात, आयुष्य घालवलेले. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला : "हा माणूस मधे तावतो की नाही?"

ठोकून ठोकून पत्रा ताठ होतो, मग त्याला तावावे लागते, नाहीतर पुढच्या ठोक्याला चीर जाते. बंब किंवा घागर घडवताना असे किती वेळा तावावे लागते ते घडणीवर अवलंबून. तांबे लाल करून पाण्यात टाकतो. लोखंडाच्या माणसाला हे उलटे वाटते, कारण लोखंड पाण्यात टाकले की कडक होते. तांबे मऊच राहते, आणि वरचा काळा पापुद्रा सुटून येतो. पितळेचेही असेच आहे ना?

---

पितळी_नाद

तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. तावण्याबद्दल मी लिहायला हवे होते, राहून गेले. "तावून सुलाखून" हे आपण माणसांबद्दल म्हणतो, इथे ते अक्षरशः करावे लागते.

हो, पितळेचेही तसेच. काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त. मान आवळली, झाडताना ती फुलली, पुन्हा डायने आवळली, असे चार-पाच वेळा झाले की ती ताठते आणि उभी चीर जाते. म्हणून मान आणि खांदा तावायचे. पण तुमच्या घागरीत आणि माझ्या कवचात एक मोठा फरक आहे. घागर सगळी तावली तरी चालते. कवचाचे बूड कधीही तावायचे नाही. तिथे हजारो पौंडांचा दाब पितळेने अंगावर घ्यायचा असतो. बूड मऊ झाले तर टोपीची खोबण सैल पडते, आणि त्याहून वाईटही घडू शकते. ते कवच सरळ चेपून भंगारात टाकायचे, दुसरा उपाय नाही.

जुनी रीत अशी की पसरट भांड्यात पाणी घेऊन कवचे बुडाकडचा भाग पाण्यात राहील अशी उभी करायची, मानेला ज्योत द्यायची आणि लगेच कवच आडवे पाडायचे. पाण्याने मऊपणा येत नाही की जात नाही. उष्णता बुडाकडे उतरू नये एवढ्यासाठीच पाणी. हल्ली ठराविक तापमानाला वितळणारा रंग मिळतो, त्याचा पट्टा मानेच्या खाली ओढला की अंदाज येतो. लालभडक होऊ दिले तर जास्त झाले. आजोबा रंग वापरत नाहीत, दिवे मालवून नुसते पाहतात. मला अजून ते जमत नाही.

---

नेमबाज_कोल्हापूर

मी .२२ प्रोन (पालथे झोपून नेमबाजी) खेळतो. स्वप्निल कुसाळे यांना पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे ब्राँझ मिळाले तेव्हापासून आमच्याकडे रेंजवर मुलांची रांग लागते. आमचे काडतूस .२२ लाँग रायफल. ते पुन्हा का भरता येत नाही असे मुले विचारतात. मला नीट उत्तर देता आले नाही. आणि .२२ तर तुमच्याकडेही .२२, मग हॉर्नेट आणि आमचे काडतूस यात काय फरक?

---

पितळी_नाद

तुमच्या काडतुसाला वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, पोकळ घडीच्या आत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते. म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. एकदा कड चेपली की ती पुन्हा उभी करून आत मसाला भरणे शक्य नाही. हॉर्नेटमध्ये बुडाच्या मध्यभागी खोबण असते, जुनी टोपी काढून नवी बसवता येते. ते सेंटरफायर.

गोळीचा व्यास जवळपास सारखा, पण तुमची ४० ग्रेनची गोळी ध्वनीच्या वेगाच्या आसपास जाते. हॉर्नेटची त्याच्या दुपटीहून वेगात. पन्नास मीटरवर कागदाला भोक पाडायला तुमचेच काडतूस सर्वोत्तम आहे, त्याचा शांतपणा हाच त्याचा गुण. तुमच्या मुलांना माझ्या शुभेच्छा. कारखान्याची एकाच लॉटची काडतुसे सारखी चालतात, दुसऱ्या लॉटची वेगळी, हे तुम्ही रोज अनुभवता. आम्ही हातांनी जे करतो तेही शेवटी सारखेपणासाठीच.

सारखेपणाचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे ६ मिलिमीटर पीपीसी हे काडतूस. लुई पाल्मिसानो शल्यचिकित्सक, फेरिस पिंडेल डाय बनवणारे कारागीर. १९७५ च्या सुमारास दोघांनी मिळून .२२० रशियन काडतुसाचे कवच घेतले, मान सहा मिलिमीटरपर्यंत रुंद केली, खांदा तीस अंशांचा केला. कवच आखूड आणि जाडजूड. त्या कवचात टोपी लहान आणि ठिणगी जाण्याचे भोकही बारीक, दीड मिलिमीटरच्या आसपास, नेहमीचे दोन असते. तोवर बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून नेम साधण्याच्या) स्पर्धांत १९५० च्या .२२२ रेमिंग्टनचे राज्य होते. काही वर्षांत पीपीसीने ते घेतले. एका डॉक्टरने आणि एका डायवाल्याने! त्यातही मानेची भिंत लेथसारख्या छोट्या हत्याराने बाहेरून तासून एकसारखी करतात. त्यांची मोकळीक माझ्या चार हजारांशांपेक्षाही कमी असते, म्हणून एक कवचही न मोजता चेंबरात जात नाही.

---

माळरान (सोलापूर)

लिखाण प्रामाणिक आहे, म्हणून सरळ विचारतो. ही सगळी हलकी, वेगवान काडतुसे कशासाठी जन्मली? अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातल्या प्रेअरी डॉगना, म्हणजे बिळांत राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्यांना, दुरून मारण्यासाठीच ना? मी इथल्या माळरानावर पक्षी मोजतो. माळावर बिळे करणारा प्राणी गेला की त्याच्यामागे काय काय जाते ते आम्हाला माहीत आहे. मला हे बोचले.

---

पितळी_नाद

बोचणे बरोबर आहे, आणि मी टाळणार नाही.

हो, या काडतुसांचा मोठा भाग वार्मिंट म्हणजे शेताला उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांसाठी झाला. पूर्वेकडे वुडचक (तोही बिळे करणारा), पश्चिमेकडे प्रेअरी डॉग. हलकी नाजूक गोळी जमिनीला लागली की फुटते, टणक गोळीसारखी उसळून शेजारच्या गुरांकडे जात नाही. म्हणून शेतवस्तीत ती बरी समजली गेली. हा झाला इतिहास.

पण तुम्ही म्हणता ते इथे घडले आहे. काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी प्रेअरी डॉगवरच जगतो, त्यांच्याच बिळांत राहतो. तो संपला असे मानले गेले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मिटीट्सीजवळ एका शेतातल्या कुत्र्याने एक मारून आणला, तेव्हा तो अजून आहे हे कळले. बिळे विष घालून बुजवण्याचा त्याच्या नाशात मोठा वाटा होता. मी पहिल्या दोन वर्षांत एका रँचवर जात असे. मालकाने बोलावले होते, कुरणाचे नुकसान खरे होते. मग जाणे सोडले. कोणी सांगितले म्हणून नाही. दुर्बिणीतून पाहताना ते बिळाच्या तोंडाशी एकमेकांचे तोंड हुंगतात ते पाहत बसायचो आणि हात ट्रिगरवर जाईना. आता दोनशे यार्डांवर कागद. काडतूस तेच, कवच घडवण्याचे कष्ट तेच. मला त्यातली गोडी घडवण्यात आहे.

---

माळरान

उत्तराबद्दल आभार. फेरेटची गोष्ट माहीत नव्हती.

---

खडकीवाले_काका

मी निवृत्त. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या परिसरातच वाढलो. तो कारखाना १८६९ चा. मी स्वतः धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले, कुठल्या ते सोडा. कारखान्यात कवच कसे होते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे नादसाहेबांचे काम त्याच साखळीत कुठे बसते ते कळेल. पितळेच्या पट्टीतून गोल चकती कापतात, तिची वाटी करतात. ती वाटी एकामागून एक साच्यांतून ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढीनंतर तावणे, आम्लात धुणे, पुन्हा ओढणे. शेवटी बूड ठोकून कडक करतात आणि मान निमुळती करून फक्त मान तावतात. तावलेल्या मानेचा निळसर डाग अजूनही काही नव्या कवचांवर दिसतो. म्हणजे कासारवाडा यांच्या वडिलांचा प्रश्न कारखान्यातही तोच आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या देशातली आहे, ती सांगायलाच हवी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याला हिंदुस्थानात चमत्कारिक त्रास झाला. पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांना आपोआप चिरा पडू लागल्या. कोणी झाडली नाहीत, आपटली नाहीत. पावसाळ्यात होते म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग म्हणजे ऋतूची चीर असे नाव पडले. काडतुसे तबेल्यांत ठेवत, आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसे. ओढकामाने पितळेत राहिलेला ताण आणि वर अमोनिया, दोन्ही मिळाले की चीर. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी हे नीट उलगडले. उपाय काय? तावून ताण काढायचा.

म्हणून नादसाहेब, घडवलेली कवचे न तावता वर्षानुवर्षे ठेवू नका. आणि अमोनिया असलेल्या पॉलिशने चमकवू तर मुळीच नका.

---

कासारवाडा

काका, अंगावर काटा आला. आमच्या घरी आजी सांगायची, पितळी हंडा गोठ्यात ठेवायचा नाही. आम्हाला वाटायचे सोवळ्याओवळ्याचे काहीतरी असेल. वडील म्हणतात, कल्हईला नवसागर (अमोनियाचाच क्षार) लागतो, पण कल्हईवाला भांडे आधी तापवतो आणि कल्हई झाली की लगेच धुतो. नवसागर लागलेले भांडे तसेच ठेवले तर बरे नाही, हे त्यांना ठाऊक होते. का, ते आज कळले.

नाददादा, चमकवायला चिंच वापरा. तिने आमच्या पितळी भांड्यांना काही होत नाही, तर तुमच्या कवचालाही होणार नाही.

---

पितळी_नाद

काका, हे मी आजोबांना वाचून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते, मग उठून शेल्फवरची एक बाटली कचऱ्यात टाकली. तिच्यावर अमोनियाचा उल्लेख होता. दहा वर्षे ते मला "यातलं वापरू नको" एवढेच म्हणत, कारण त्यांना त्यांच्या शिक्षकाने तसे सांगितले होते.

चिंच इथल्या देशी दुकानात मिळते. बहुतेक लोक सायट्रिक आम्ल वापरतात, तत्त्व तेच. धुतल्यावर पूर्ण वाळवणे महत्त्वाचे, ओल्या कवचात दारू गेली तर काडतूस वाया.

---

ह्यूस्टनकर

मी एच-१बी वर आहे. मला हे शिकता येईल का? आणि एक तांत्रिक प्रश्न. तुम्ही म्हणालात की मॅक फोर खांद्यावर टेकते. खांदा थोडा जास्त मागे गेला तर काय होते?

---

पितळी_नाद

पहिल्या प्रश्नाला : तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे, वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत. मी ग्रीन कार्ड आल्यावरच सुरू केले. फोरमवरच्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. चूक झाली तर व्हिसाच जाईल. आणि भरलेली काडतुसे कोणाला विकायची नाहीत, त्याला वेगळा संघीय परवाना लागतो.

दुसरा प्रश्न फार चांगला आहे. खांदा मागे गेला की कवच चेंबरात पुढे-मागे हलते. पिन आपटली की ते पुढे जाते, दाब वाढताच अंग भिंतींना चिकटते आणि बूड मागे बोल्टपर्यंत ताणले जाते. बुडाच्या थोडे वर पितळ पातळ होते. बाहेरून तिथे चकचकीत वळे दिसू लागते. अशा कवचात पुन्हा भरून झाडले तर ते आडवे तुटू शकते आणि तापलेला वायू मागे, तोंडाकडे येतो. तपासायला सेफ्टी पिनची तार सरळ करून टोक वाकवा आणि कवचाच्या आतून भिंतीवर फिरवा. बुडाजवळ खळगा लागला की ते कवच बाद. मी डाय पावपाव फेरा खाली घेत जातो, आणि रिकाम्या कवचावर बोल्ट अगदी हलका अडून बंद होईल तिथे थांबतो. पुढे फायरफॉर्मिंगला खांदा आपोआप बरोबर जागी बसतो.

याच संदर्भात अ‍ॅकलींचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. त्यांचे मत असे की निमुळते नसलेले, कोरडे कवच चेंबरच्या भिंतींना इतके घट्ट धरते की बोल्टवर कमी भार येतो. हे दाखवण्यासाठी त्यांनी विंचेस्टर ९४ रायफलीत सरळ अंगाचे .३०-३० वापरले आणि बोल्ट अडवणारा ठोकळाच काढून झाडले. कवच जागीच राहिले, फक्त टोपी मागे सरकली. याचा अर्थ कुलूप नको असा नाही. आजोबा त्याचा अर्थ असा सांगतात : चेंबरात आणि कवचावर तेलाचा थेंबही ठेवू नका, नाहीतर ती पकडच जाते. म्हणून डायमधून काढल्यावर वंगण पुसणे हे कंटाळवाणे काम मी कधी टाळत नाही.

---

नेमबाज_कोल्हापूर

मुलांना रिमफायरचे उत्तर फळ्यावर आकृती काढून सांगितले. एकीने विचारले, मग त्या काकांचे एक रिकामे कवच बघायला मिळेल का?

---

पितळी_नाद

तिला सांगा, मला खूप आवडले असते. पण रिकामे कवचही मी सामानात घालून भारतात आणणार नाही. विमानतळावर त्यावरून माणसे अडकतात. त्याऐवजी पाच फोटो पाठवतो : .२२१ चे मूळ कवच, .२० च्या डायनंतरचे, .१७ चे, तावलेले, आणि झाडून पूर्ण आकार आलेले. शेजारी पट्टी ठेवून. शाळेच्या प्रदर्शनातही लावता येतील.

---

कासारवाडा

दादा, वडिलांचा निरोप. रंग बघून तावायचे असेल तर संध्याकाळी, दिवा न लावता, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. तांब्याचा काळपट लाल रंग उजेडात दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत पाहत बसलो तर फार तापलेले असते. पितळेला त्याहून आधी थांबायचे, असे ते म्हणतात. आणि ज्योत एका जागी धरायची नाही, भांडे फिरवायचे.

---

पितळी_नाद

काल संध्याकाळी केले. गॅरेजचे दार लावले, दिवे मालवले, दहा मिनिटे नुसते बसलो. आजोबा स्टूलवर होते. कवच हळू चालणाऱ्या ड्रिलच्या सॉकेटमध्ये धरून फिरवले, ज्योत मानेवर. पहिली तीन कवचे जास्त तापली, ती चेपून बाजूला टाकली. चौथ्यापासून वडील म्हणतात तसे, रंग येतो आहे असे वाटायच्या आतच काढली. शेजारच्या कवचावर रंगाचा पट्टा लावून ताडून पाहिले, जुळले.

आज सकाळी त्यांतली वीस झाडली. मान मोजली, झाडण्याआधी आणि नंतर. झाडण्याआधी सगळ्या .१९७, एक .१९७५. एकाही मानेला चीर नाही. मागच्या खेपेला न तावता केलेल्या वीसांत चार फुटल्या होत्या. उरलेली सत्त्याहत्तर रविवारी तावणार, आजोबांनी आधीच येतो म्हणून सांगितले आहे.